दात टेकले की एक रेघ

तेविसाव्या खुर्चीची तिसरी बाजू ठोकत असताना तिच्या तोंडातले खिळे जमिनीवर सांडले. तिने थुंकले नव्हते. जबडा डावीकडे सरकला, कानाच्या पुढे खट्कन वाजलं आणि ओठ आपोआप सुटले. अकरा बारीक खिळे टणटणत फरशीवर पसरले. तिने हातोडी खाली ठेवली, डावा गाल तळहाताने दाबला आणि श्वास रोखून उभी राहिली. तोंड धड उघडेना, धड मिटेना.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बाबा एका जुन्या खुर्चीची मखमल उसवत होते. त्यांनी मान वर केली, आधी खिळ्यांकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"किती दिवस झाले?"

तिने तीन बोटं दाखवली. महिने, हे त्यांना न सांगताच कळलं.

"तोंडात खिळे धरता येत नसतील तर शिलाईवर बस. ठोकायला माणूस बघतो."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. बाजारात त्यांना सगळे 'कुलूप' म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांच्याकडून भाव काढून घ्यायचा तर आधी किल्ली शोधावी लागते, असं गिऱ्हाइकं हसून सांगत. बाबा ते ऐकून घेत, कानामागची दोरा गुंडाळलेली पेन्सिल काढत आणि भाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून देत.

पण शिलाईवर बस, म्हणजे काय ते तिला नीट ठाऊक होतं. शिलाईचं मशीन मागच्या खोलीत होतं. पुढच्या खोलीतलं मोठं टेबल, चुंबकी हातोडी, पट्टे ताणायचं लाकूड, हे सगळं ठोकणाऱ्याचं. चौदाव्या वर्षी बाबांनी स्वतः तिच्या ओठांवर पहिला खिळा ठेवला होता, तेव्हापासून बावीस वर्षं ते टेबल तिचं होतं. तोंडात वीस खिळे धरायचे, जिभेने एकेक वळवून डोक्याकडून ओठांत आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने तो अलगद उचलायचा आणि दोन घावांत बसवायचा. त्यामुळे दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. आता बहुतेक कारागीर पिना मारायची बंदूक वापरतात. पण या एकशे चाळीस खुर्च्या एका जुन्या नाट्यगृहाच्या होत्या, कडेचं लाकूड जेमतेम बोटभर, त्यात बंदुकीची पीन टिकत नव्हती. सहा आठवड्यांनी नाट्यगृह उघडायचं होतं.

तिने खिळे एकेक करून वेचले. वाकताना कान ठणकला. अकरावा खिळा हातात आला तोवर तिचं ठरलं होतं, टेबल सोडायचं नाही.

तसं तिने आधी हातपाय हलवले नव्हते असं नाही, पण हलवले ते कारागिरासारखे. खुर्ची कुरकुरली तर दोषी खिळा शोधायचा आणि उपटायचा, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. दुखणं दाढेत वाटलं म्हणून ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी फोटो काढला, दाढेवर टकटक करून बघितलं आणि म्हणाले, दाढ चांगली आहे, थोडं थांबू या. थांबायला हिला वेळ कुठे होता! काढा म्हणजे काढा, म्हणून ती अडून बसली. दाढ निघाली. आठ दिवसांनी जखम भरली आणि दुखणं जिथल्या तिथे. आता तर जी दाढ तोंडात नव्हतीच, तीसुद्धा दुखत होती.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या दवाखान्यात गेली. तिथे जबड्याच्या दुखण्यांसाठी वेगळी डॉक्टर होती. वयाने हिच्यापेक्षा लहान, दर दोन मिनिटांनी चष्मा पुसणारी.

"कधी जास्त दुखतं?"

"सकाळी उठल्यावर. मग दुपारनंतर. कान दुखतो, कपाळाची ही बाजू दुखते. दाढ काढली, तरी तिथेही दुखतंच."

"किडली होती?"

"नाही."

"मग काढली का?"

"मीच काढायला लावली."

डॉक्टर हसली नाही, हे तिला बरं वाटलं. डॉक्टरने हिच्या दोन्ही कानांपुढे दोन-दोन बोटं टेकवली. "उघडा. सावकाश." खट् झालं. मग डॉक्टरने गालाच्या मांसल भागावर अंगठा दाबला, तशी हिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नेमकं तेच दुखणं, तोच कान, तीच नसलेली दाढ.

"दुखणं इथलं आहे," डॉक्टर म्हणाली. "दात बिचारे उगाच बदनाम होतात. कानापुढे ही बिजागरी आहे बघा, आणि तिच्या दोन हाडांच्या मध्ये एक छोटी गादी असते. तुमची गादी जागेवरून सरकते, म्हणून आवाज येतो. आणि हा स्नायू दिवसभर आवळून आवळून दमलाय."

गादी म्हटल्याबरोबर हिला सगळं कळलं. "मग गादी बदलायची?"

"छे. तिच्यावरचा भार काढायचा. बहुतेकांना तेवढ्याने खूप आराम पडतो. थोडे दिवस गोळ्या देते. गरज पडली तर रात्री दातांवर घालायचा साचा करू. पण खरं काम तुमचं आहे. दिवसातून दोनदा गरम ओल्या टॉवेलने शेका, मऊ खा, लहान घास घ्या. जांभई आली तर हनुवटीखाली हात धरा. दोरा दाताने तोडता?"

"हो."

"आजपासून कात्री घ्या. आणि सांगा, दिवसभरात वरचे आणि खालचे दात एकमेकांना किती वेळ टेकायला हवेत?"

हा काय प्रश्न झाला? दात असतात तिथे असतात.

"जेवताना टेकतील तेवढेच. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे. जीभ कुठे? 'न' म्हणताना जिथे टेकते तिथे."

तिने करून बघितलं. जबडा सैल खाली आला आणि दातांमध्ये एक बारीक फट पडली. इतक्या वर्षांत तिला या फटीचा पत्ता नव्हता. पाच-सहा श्वास झाले आणि दात पुन्हा मुकाट्याने एकमेकांवर येऊन बसले. डॉक्टरचं लक्ष होतंच.

"एवढं आवळून कधी धरता?"

"खिळे धरताना."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

"एक दिवस मोजून बघा," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाली. "आणि खिळे तोंडात नकोत."

"मग ठोकू कशी?"

"ते मी काय सांगणार? खुर्च्या तुम्ही मढवता."

घरी आल्यावर ती थेट बाबांच्या स्टुलासमोर जाऊन उभी राहिली.

"एक रांग द्या मला. चौदा खुर्च्या, माझ्या पद्धतीने. खिळे तोंडात धरणार नाही. एक जरी खिळा वाकडा निघाला, एका जरी कोपऱ्यात चुणी आली, तर माणूस आणा. मी शिलाईवर बसेन."

बाबांनी उसवणं थांबवलं नाही. "खिळे काय हवेत लटकवणार?"

"ते माझं मी बघते."

"एक रांग," बाबा म्हणाले.

बघते म्हणणं सोपं होतं. आधी तिने फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून मनगटाला बांधलं. खिळे त्याला असे काही चिकटले की एकाचं टोक दुसऱ्याच्या डोक्यात, आणि सुटा करायला दोन्ही हात लागले. मग पेल्यात ठेवून बघितले, पेला सांडला. तिसऱ्या दिवशी फोमची एक जाड पट्टी कापली, तिच्यात खिळे टोकाकडून खोचले, डोकी वर ठेवली आणि पट्टी डाव्या मनगटाला दोरीने बांधली. हातोडीचं चुंबकी टोक डोक्याला लावलं की खिळा सुळकन वर येत होता. तिने पहिली खुर्ची त्या पट्टीवर केली. तोंडात खिळे धरून वीस मिनिटं लागत, हिला चाळीस लागली. तरी तिने दुसरी पट्टी कापली, म्हणजे एक रिकामी होईपर्यंत दुसरी भरलेली असेल.

पट्ट्या भरायचं काम आईने आपणहून घेतलं. मागच्या खोलीत रेडिओ लावून ती खिळे खोचत बसे आणि खोचता खोचता बापलेकीला सारख्याच प्रेमाने शिव्या घाली.

मोजायचं काम तिने खडूने केलं. कापडावर खुणा करायचा निळा खडू खिशात असेच. दात टेकलेले सापडले की टेबलाच्या खालच्या फळीवर एक रेघ. पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, दोन-चार होतील. संध्याकाळी मोजल्या तर एक्केचाळीस! आणि दिवसभरात तोंडात एकही खिळा नव्हता. पट्टा ताणताना दात टेकत होते, सुईत दोरा ओवताना टेकत होते, फोन कानाला लावला की टेकत होते. सगळ्यात दाट रेघा होत्या त्या टेबलाच्या दाराकडच्या टोकाला. तयार खुर्ची ती तिथे ठेवी आणि बाबा उठून ती तपासायला येत. कडेवरून तळहात फिरवत, मग अंगठ्याचं नख. तेवढा वेळ ती बाजूला उभी राही. त्या रेघांकडे बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. छत्तीस वर्षांची बाई, आणि अजून परीक्षेचा निकाल लागायचा आहे!

दुसऱ्या दिवशी बाबांना रेघा दिसल्या.

"हे काय?"

"दात टेकले की एक रेघ."

"त्याने काय होतं?"

"कळतं."

"काय कळतं?"

"टेकलेत ते. मग सोडता येतात."

बाबांनी नाकातून हवा सोडली आणि स्टुलाकडे परत गेले.

आठवडाभर तिने नेटाने सगळं केलं. सकाळ-संध्याकाळ पातेल्यात पाणी तापवून टॉवेल बुडवायचा, पिळायचा, गालाला धरून पंधरा मिनिटं बसायचं. दुखणं एका दिवसात गेलं नाही. चौथ्या दिवशी तर इतकं उसळलं की तिने फोमची पट्टी मनगटावरून ओढून भिंतीवर फेकली, मग खाली बसून खिळे वेचले आणि पट्टी पुन्हा बांधली. पण रेघा उतरत होत्या. एक्केचाळीसच्या तीस झाल्या, तीसच्या बावीस.

एका दुपारी आईने तिच्यापुढे चहात बुडवलेला पाव ठेवला. "घे. तुझ्या बापाचं जेवण."

ती हसली, आणि हसता हसता थांबली. बाबा पाव बुडवूनच खात. फळ चावून खात नसत, चकत्या करून दिल्या तरी उजवीकडे एकेक घोळवत बसत. घरात हा त्यांच्या लहरीपणाचा एक नमुना म्हणून धरला जाई.

"आई, बाबांच्या डाव्या बाजूच्या दाढा कधी पडल्या?"

"पडल्या कुठे? काढल्या. एक तुझ्या जन्माआधी, एक तू शाळेत जायला लागलीस तेव्हा, आणि तिसरी, अगं, दुकान मोठं केलं त्या वर्षी." आईने एक खिळा खोचला. "दर वेळी डॉक्टर म्हणायचे, चांगली आहे. दर वेळी हे म्हणायचे, काढा. बापावरच गेलीस. मी तेव्हा म्हटलं, अशाने म्हातारपणी तोंडात जीभ तेवढी उरेल. तर ती तरी कुठे वापरतात!"

तिने पाव खाली ठेवला.

शाळेत एकदा तिने आख्खी गोष्ट तोंडपाठ म्हणून दाखवली होती. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, डावा गाल तळहातात दाबून, कपाळाला आठ्या घालून. गोष्ट संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते आणि बाबा तसेच, गालावर हात. घरी जातानाही एक शब्द नाही. तिला वाटलं, कंटाळले. त्यानंतर तिने कधी कुणापुढे काही म्हणून दाखवलं नाही. आता तिचाच तळहात तिच्या डाव्या गालावर होता. तिला एकदम रडू आलं आणि रागही आला, आणि राग नेमका कुणावर काढावा ते कळेना.

संध्याकाळी बाबा एकटे असताना ती त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, तुमच्याही दाढा चांगल्याच होत्या. तुमचंही दुखणं सांध्याचं आहे. त्या डॉक्टरकडे चला माझ्याबरोबर."

बाबांनी पेन्सिल कानामागून काढली, तिच्यावरचा दोरा घट्ट केला, परत कानामागे ठेवली.

"माझं काही दुखत नाही."

"इतकी वर्षं..."

"तू तुझी रांग बघ."

तिने रांग बघितली. दहावी खुर्ची सव्वीस मिनिटांत झाली, बारावी एकवीस मिनिटांत. चौदावी तिने मुद्दाम सावकाश केली. ती दाराकडच्या टोकाला ठेवली तेव्हा जीभ 'न'च्या जागी नेली, दात सोडले आणि हात मागे बांधून उभी राहिली. बाबा आले. तळहात फिरवला, नख फिरवलं, खुर्ची उलटी करून खालची बाजूसुद्धा बघितली. त्यांनी इतका वेळ घेतला की आई मागच्या खोलीतून डोकावून गेली. तिचे दात सुटेच होते.

"पुढची रांग घे," बाबा म्हणाले.

माणूस आणायची गोष्ट परत निघाली नाही. शाबासकीही मिळाली नाही. पण ती आज मिळेल असं धरून ती उभीच नव्हती. त्या दिवशी फळीवर नऊ रेघा होत्या.

पुढच्या रांगेच्या सहाव्या खुर्चीला हातोडीवरून एक खिळा निसटला आणि घरंगळत कोपऱ्यात गेला. बाबा घरात चहाला गेले होते. खिळा दिसेना म्हणून तिने त्यांचं स्टूल उचलून आडवं केलं. खिळा तिथेच होता. आणि स्टुलाच्या बैठकीच्या खालच्या बाजूला, बसल्याजागी हात घातला की पोचेल अशा ठिकाणी, पेन्सिलीच्या रेघा होत्या.

टाक्यांसारख्या बारीक रेघा, पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या. एका दिवसाची एक ओळ. पहिली ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती आणि मावली नव्हती म्हणून खाली वळली होती. तिने मोजल्या. त्रेसष्ट. पुढच्या ओळी आखूड होत गेल्या होत्या, मध्येच एक पुन्हा लांब, मग परत आखूड. कालच्या ओळीत सतरा होत्या. ओळी किती, तेही तिने मोजलं. बाबांनी तिला 'हे काय?' विचारलं होतं, त्या दिवसापासून एकही दिवस चुकला नव्हता.

तिने स्टूल होतं तसं, त्याच खुणेवर सरळ ठेवलं, खिळा पट्टीत खोचला आणि सहावी खुर्ची पुरी केली.

संध्याकाळी तिने नेहमीचं पातेलं बाजूला ठेवलं आणि मोठं काढलं. त्यात दोन टॉवेल बुडवले. एक पिळून स्वतःच्या गालाला लावला. दुसरा पिळला, घडी घातली आणि स्टुलावर बसलेल्या बाबांपुढे धरला.

बाबांनी टॉवेलकडे बघितलं. मग तिच्याकडे. आता ते आपल्याला हाकलतील असं तिला वाटलं. त्यांनी टॉवेल घेतला, डाव्या गालावर धरला आणि डोळे मिटले. त्यांची हनुवटी हळूहळू, अगदी नखभर, खाली आली.

दोघं तशीच बसली. मागच्या खोलीत आईचा रेडिओ चालू होता आणि पट्टीत खिळे खोचले जात होते.

"उद्या," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "पाणी अजून थोडं गरम कर."